मागची

उंद्री
२२ जून २०२५

चि. करिष्मा,

ताईचा आशीर्वाद. मोठ्या बहिणीनं आशीर्वादानं सुरुवात करायची रीत आहे म्हणून लिहिला, त्यावर हुरळून जाऊ नकोस.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर तू पहिल्याच वाक्याला रडायला लागतेस आणि माझं काम तसंच राहतं. कागदावर हवं तेवढं रड, मला ऐकू येत नाही.

काम असं आहे. तुझ्या भाऊजींचा डीजेचा धंदा बसला. आवाज मोठा केला की पोलीस येतात आणि लहान केला की नवरदेवाचे मित्र येतात. दोन्हीकडून शिव्या खाऊन गोकुळरावांनी शेवटी मोठे स्पीकर विकले. आता मागच्या खोलीत, जिथं आपण सोयाबीनची पोती ठेवायचो, तिथं गाणी रेकॉर्ड करायचा घरगुती स्टुडिओ काढायचा म्हणतात. पहिलं काम घरचंच. मायनं स्वतः रचलेली भुलाबाईची गाणी रेकॉर्ड करायची आणि चॅनलवर टाकायची. भादव्याच्या पौर्णिमेला भुलाबाई बसेल, त्याआधी पहिलं गाणं तयार हवं. महिनाभर माहेरपणाला येते ती. तुला जे जमलं नाही ते मातीच्या बाहुलीला दरवर्षी जमतं.

तू अकोल्यात कुठल्याशा स्टुडिओत जाहिरातींची गाणी गातेस असं कानावर आलं. मसाल्याची, कुकरची. मायनं एवढी वर्षं गळा घासून घेतला तो याचसाठी, छान झालं. पण त्यामुळे तुला माईकमधलं कळत असणार. तुझे भाऊजी दिवसभर मोबाईलवर व्हिडिओ बघतात. एक माणूस सांगतो कंडेन्सर घ्या, दुसरा सांगतो चुकूनही घेऊ नका, डायनॅमिक घ्या. यांना स्टेजवरचा माईक तेवढा माहीत, तोंडाला लावायचा आणि 'हॅलो हॅलो चेक' म्हणायचं. तेव्हा कोणता घ्यावा, हेडफोन कसले लागतात, माईक कॉम्प्युटरला जोडायची डबी कोणती, सगळं सविस्तर लिही. 

मायला आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन उशिरा झालं. कान मात्र पूर्वीपेक्षा तिखट झालेत. शेजारच्या घरी कोणत्या सुनेनं भांडं आपटलं हे ती आवाजावरून सांगते. तुझं नाव ती अजून घेत नाही. तू धम्मदीपशी कोर्टात लग्न केलंस त्या दिवशी बाबा ओट्यावर उभे राहून म्हणाले होते, "ते आमाले मेली," आणि बाबा गेल्यावरही तिनं त्यांचा शब्द मोडला नाही. गावाला जात दुखली, बाबांना गाव दुखलं. मला काय दुखलं ते तू कधी विचारलं नाहीस.

पण मायचं मन कानातून वळतं, हे आपण दोघी जाणतो. गाणं चांगलं झालं तर मी तिला ऐकवणार आहे. पुढचं तू समजून घे आणि लवकर उत्तर पाठव.

तुझी,
वंदनाताई

*

उंद्री
२० जुलै २०२५

चि. करिष्मा,

तुझं पत्र मिळालं. काय ते अक्षर आणि काय तो लांबलचक उपदेश! मी एक माईक विचारला, तू आख्खं दुकान उघडून बसलीस.

तू लिहितेस, "ताई, तुमची खोली मोकळी आहे, भिंती आवाज परत फेकतात. कंडेन्सर फार हळवा असतो, कोंबडं आरवलं तरी पकडतो. तुझ्या आवाजाला डायनॅमिकच बरा." माझ्या आवाजाला. मी कधी विचारलं होतं माझ्या आवाजाचं?

आम्ही संभाजीनगरला जाऊन माईक घेऊन आलो. दुकानदार तरुण होता, बोलायला गोड. त्यानं विचारलं, आवाज कोणाचा घ्यायचाय. मी म्हटलं, घरच्याच बाईचा. तर म्हणाला, तुम्हीच एक ओळ म्हणून बघा ताई, फरक कळेल. मी दोन्ही माईकवर मायच्या गाण्याची एक ओळ म्हटली. त्यानं दोन्ही परत ऐकवल्या. मग डायनॅमिक माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाला, "हा घ्या. हा जरा सांभाळून घेतो." आणि दुसरा? "तो सगळं दाखवतो."

मी दुसरा घेतला. तुझे भाऊजी माझ्या तोंडाकडे बघत राहिले. तू अकोल्यातून आणि तो दुकानातून, दोघांनी मला एकच सल्ला द्यावा, हे मला पटलं नाही, एवढंच समज.

हेडफोनही तू सांगितलेस तसे घेतले नाहीत. तू म्हणालीस कान पूर्ण झाकणारे, बंद पाठीचे घ्या. ते घालून बघितले, कान भट्टीसारखे तापतात. आपल्याकडच्या उन्हात तसले घालून कोण गाणार? जाळीचे, मोकळ्या पाठीचे घेतले. हलके आहेत. तुला सगळंच कळतं असं नाही.

भिंतींना गोधड्या ठोकल्या. मायच्या हातच्या होत्या त्या सगळ्या काढल्या. तुझ्या लहानपणीची, पोपटी काठाची, ती दाराच्या मागे लावली आहे. खिळे नीट बसेनात म्हणून मधोमध चार ठोकले. आवाज आता घुमत नाही.

आता मुद्द्याचं. पुढच्या महिन्यात तू ये. मायला मी दोन दिवस डोणगावला मामाकडे पाठवते. आधी गाणं होऊ दे, ते तिला ऐकवू दे, मग समोरासमोर भेट. एकदम पुढ्यात उभी राहिलीस तर ती बाबांचा शब्द धरून बसेल आणि कायमचं दार लागेल. तू 'दार उघड माय' हेच गाणं गायचं. तुला पाठ आहेच. गाईड म्हणून तुझाच आवाज घ्यायचा, असं आमचं ठरलं आहे.

तुझी,
वंदनाताई

*

उंद्री
१७ ऑगस्ट २०२५

चि. करिष्मा,

"मायनं ऐकलं का? काय म्हणाली? मी कधी येऊ?" एका पत्रात तीनदा विचारलंस. अजून ऐकवलेलं नाही. का, ते सांगते.

आधी तुझं कौतुक करून घेते, नाहीतर म्हणशील ताईला दिसत नाही. तू आलीस, मायच्या रिकाम्या बाजेवर बसलीस, तिची उशी नाकाशी धरलीस. मग स्टुडिओत उभी राहिलीस आणि एका दमात गायलीस.

दार उघड माय, दारात मी गं,
पायाले धूळ माह्या गावाची गं.

त्या 'मी'वर माय जशी आवाज हलकेच खाली सोडून परत उचलायची, तसाच तू उचललास. तुझे भाऊजी कॉम्प्युटरपुढे बसले होते, त्यांचा हात बटनावर तसाच राहिला. मी हे सगळं बघितलं. मला बघता येतं आणि ऐकताही येतं. देवानं कान दिला आणि गळा दिला नाही, हा त्यानं कोणावर उगवलेला सूड आहे मला माहीत नाही. चुकलेला सूर मला तुझ्याआधी कळतो, माझाच असला तरी.

मग तू विचारलंस. आठवतं ना?

"ताई, हे गाईड म्हंजे काय व?"

"गाईड म्हंजे पुढं चालनारी. बाकी सारे तिच्या मागं."

तुझे भाऊजी खोकले. तू माझ्या गळ्यात पडलीस. अकोल्याला गेल्यावर सासूला सांगितलंस, शेजारणींना सांगितलंस, पेढे वाटलेस म्हणे, की मायच्या गाण्याची मी गाईड आहे. एवढ्या स्टुडिओत गाऊन तुला गाईड म्हणजे काय हे माहीत नसावं! जाहिरातीत तू आपली एक ओळ म्हणतेस आणि घरी जातेस, म्हणून असेल. माझंही खोटं नाही. गाईड पुढेच चालते.

आता नीट वाच. शाळेत आपण गाईड घ्यायचो ना, प्रश्नोत्तरांचं? वर्षभर त्यातून पाठ करायचं, परीक्षा झाली की रद्दीत घालायचं. गाण्यातलं गाईडही तेच. एकजण आधी गाऊन ठेवते. खरी गाणारी ते हेडफोनमध्ये ऐकत ऐकत, त्याच्या आधारानं गाते. मग गाईडचा आवाज बंद करतात.

खरी गाणारी मी आहे. दुकानात 'घरच्या बाईचा आवाज' म्हटलं ते माझ्याबद्दल. सूर जिथं सरकतो तिथं तो जागेवर बसवायचं सॉफ्टवेअर तुझ्या भाऊजींनी घेतलं आहे. तुझा आवाज कानात ठेवून मी रोज गाते. चॅनलवर नाव पडेल ते 'गायिका वंदना गोकुळ'. गीत वच्छलाबाई पुंजाजी. बस.

तू म्हणशील फसवलं. तू घरातून गेलीस तेव्हा मी तुला फसवलं म्हणाले होते का? भुलाबाईपुढे आपण दोघी बसायचो. पुढची ओळ म्हणायची, मागची ती झेलायची. तू धाकटी असून पुढची आणि मी मोठी असून मागची. मायनं एकदाही जागा बदलून बघितली नाही. मग पुढची उठून गेली. मायचं जेवण, बाबांचं दुखणं, मायचे डोळे, सगळं मागचीनं झेललं. आता माईकपुढे तरी मला उभं राहू दे.

मायला हेच गाणं ऐकवणार आहे, माझ्या आवाजातलं. तुझ्याबद्दल मी तिच्याशी बोलणार नाही असं नाही. वेळ बघून बोलेन.

वंदना

*

उंद्री
१२ सप्टेंबर २०२५

करिष्मा,

तुझं रागाचं पत्र मिळालं. बरं लिहितेस रागात, शुद्धलेखनही सुधारतं.

भुलाबाई बसली त्या संध्याकाळी ओट्यावर गल्लीतल्या पोरी जमल्या. मायला मधे बसवलं आणि गाणं लावलं. सूर सगळे जागेवर होते. पोरींनी टाळ्या वाजवल्या. बायका म्हणाल्या, वंदने, तुह्यात एवढं हाय हे आमाले ठावं नोतं. मला काय वाटलं ते लिहीत नाही.

मायनं मान वाकडी करून ऐकलं. संपल्यावर म्हणाली, "बरं गायलं. पन मागं कोन हाय?"

मी म्हटलं, "मागं कोनी नाई. मी एकटीच."

"नाई. तू दम घेते तठी कोनी तरी गाऊन राह्यलं. लावजो अजून एकडाव."

पुन्हा लावलं. मग तिनं स्पीकर मांडीवर घेतला आणि जाळीला कान लावून बसली. पोरी खिरापतीचा डबा वाजवत होत्या, आत काय आहे ओळखा म्हणत होत्या, मायचं लक्ष नव्हतं.

तुझ्या भाऊजींनी दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवर तपासलं. ते जाळीचे हेडफोन! मी गात असताना त्यातून तुझा आवाज बाहेर पाझरत होता आणि तो हळवा माईक तो पाझर टिपून घेत होता. वरून यांनी माझा आवाज भरदार वाटावा म्हणून बारीक आवाज वर आणला, त्याबरोबर तूही वर आलीस. 'मी'वर मला दम पुरत नाही, मी श्वास घेते. तू घेत नाहीस. नेमकी त्या फटीत तू ऐकू येतेस. गाईड बंद करून काही उपयोग नव्हता, तू माझ्याच आवाजात मिसळली होतीस. काढायला गेलं तर मीच फाटते.

तू सांगितलेले हेडफोन घेतले असते तर हे झालं नसतं. खूश झालीस? हो आणखी खूश.

तेव्हापासून रोज तेच. सकाळी दात घासायच्या आधी माय म्हणते, गाणं लाव. माझ्या ओळी ती हातानं झटकल्यासारख्या करते आणि फटीची वाट बघते. काल म्हणाली, "हे मागची कोन पोरगी हाय, तिले पुढं येऊ दे. तिले बलाव. तिले म्हना, मी उंबऱ्याच्या आत घेतो तिले."

तिला कळलं आहे. नाव घेत नाही, कारण बाबांना शब्द दिला आहे, पण 'मागची' म्हणायला शब्द आडवा येत नाही. चलाख आहे म्हातारी.

मी इतकी वर्षं मागे बसून गायले. मागे कोण आहे असं तिनं एकदाही विचारलं नाही.

हे तुला का लिहिते, तर खोटं बोलायची मला सवय नाही. तू बॅग भरायला घेऊ नकोस. मायच्या छातीत अलीकडे धडधडतं, डॉक्टर म्हणाले एकदम आनंदाचा किंवा दुःखाचा धक्का नको. मी कळवेन.

वंदना

*

उंद्री
२३ सप्टेंबर २०२५

करिष्मा,

जे झालं ते जसं झालं तसं लिहिते. मधे थांबून माझ्या नावानं बोटं मोडत बसू नकोस, शेवटपर्यंत वाच.

मी नवीन हेडफोन आणवले, बंद पाठीचे. कान तापले, घामानं केस भिजले, पण गाणं पुन्हा गायले. एक थेंब पाझरला नाही. जुनं काढून टाकलं आणि चॅनलवर नवं चढवलं. दुपारी मायनं नेहमीसारखं गाणं मागितलं. मी नवं लावलं.

'मी'वर मी श्वास घेतला. मायनं कान पुढे केला. फट रिकामी होती.

"मागची कुठी गेली?"

मी भाजी निवडत होते. म्हटलं, "गेली."

मायनं पुढे केलेला कान मागे घेतला. मग म्हणाली, "कधी?"

मला तेव्हाच कळलं की ती काय समजली. खोटं सांगत नाही, मला कळलं. 'गाण्यातून गेली माय' एवढं म्हणायला किती वेळ लागतो? माझ्या हातात मेथीची जुडी होती. मी एकेक पान खुडत राहिले आणि म्हटलं, "झाले चार दिस."

ती उठली. भिंत धरत न्हाणीत गेली आणि लुगड्यासकट डोक्यावरून पाणी घेतलं. थंड पाणी. बाहेर आली, दारात बसली. रडली नाही. "तिच्या घरच्यांनी नीट केलं काय सारं?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं.

शेजारणी आल्या. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, म्हातारीच्या मनानं घेतलंय, घेऊ द्या. त्यांनी माना डोलावल्या. गावाच्या लेखी तू बाबांनी ओट्यावर सांगितलं त्याच दिवशी गेली होतीस. आता कोण कशाला नवं काढतं?

सर्वपित्रीला मायनं बाबांच्या पानाशेजारी दुसरं पान वाढायला लावलं. मी म्हटलं, असं लगेच वाढत नसतात. म्हणाली, "तिले भूक सहन व्हत नाई." वडे, खीर, गवारीची भाजी. तुला गवार आवडते हे मी विसरले होते, ती विसरली नव्हती. दोन्ही पानं पत्र्यावर ठेवली. बाबांच्या पानाला कावळा बराच वेळ आला नाही. तुझ्या पानाला लगेच शिवला. माय खालून विचारत होती, शिवला का, शिवला का. मी ओरडून सांगितलं, शिवला. तेव्हा ती म्हणाली, "मंग तिचं मन नाई अडकलं कशात. सुखी गेली माही लेक."

म्हणजे तुझं आमच्याकडे काही राहिलेलं नाही, असं कावळ्यानंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सांगणार होते मी तिला खरं. सकाळी चहा घेऊन गेले तर तिनं माझा हात धरला. चाचपडत माझं तोंड शोधलं, कपाळ, नाक, हनुवटी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. म्हणाली, "आता तूच हाय मले. तूच एक." चहा निवला तरी हात सोडला नाही. करिष्मा, मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मी तिथंच ठरवलं, सांगायचं नाही. तुला सासू आहे, नवरा आहे, पेढे घेणाऱ्या शेजारणी आहेत. मला हा एक हात आहे.

आता तू जिवंत पुढ्यात आलीस तर तिची छाती सोसणार नाही. डॉक्टरांचं मी आधी लिहिलं होतं. तिला मारायचं असेल तर ये.

वंदना

*

उंद्री
८ ऑक्टोबर २०२५

करिष्मा,

मी नको म्हटलं तरी तू आलीस. कोजागिरीच्या दुपारी, चिखलीच्या जीपमधून उतरून, डोक्यावर पदर ओढून. गल्लीत तुला तिघींनी ओळखलं आणि तिघी आपापल्या घरात गेल्या.

माय अंगणात बाजेवर बसली होती. मी दारात होते. तू फाटकाशी उभी राहिलीस. मी हातानं नको नको म्हणत होते, तुझं लक्ष नव्हतं. तू म्हणालीस, "माय."

एकदाच म्हणालीस. तोच आवाज, तेच खाली सोडून उचलणं. 

मायनं मान वर केली. आता संपलं, असं मला वाटलं. आणि ती म्हणाली, "वंदने, ते जुनं गानं लावलं काय व?"

मी म्हटलं, "हो माय."

"बंद कर. आता नाई आयकवत."

मी तुझ्याकडे बघितलं. तू तोंडावर हात ठेवलास. स्वतःच बंद केलंस. मला काही करावं लागलं नाही.

पुढे होऊन तिच्या पायाला हात लावला असतास तर? मी काय केलं असतं? काही नाही. मी दारातून हललेही नसते. दोन पावलं होती. पण तुला वाटलं, तिची छाती. मी लिहिलेलं सगळं तू खरं मानतेस, ही लहानपणापासूनची तुझी खोड. डॉक्टरांनी धक्क्याचं सांगितलं ते खरं, पण ते साठी ओलांडलेल्या प्रत्येकाला तेच सांगतात.

तुझ्या भाऊजींनी तुला मोटरसायकलवरून स्टँडवर सोडलं. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. जेवण वाढलं तर जेवतात. स्टुडिओत जाऊन दार लावून बसतात. बसू दे.

तुला पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. सर्वपित्री झाल्यावर मायनं एक नवं गाणं केलं. तुझ्यावर. चारच ओळी, पण म्हणते, हे माईकमध्ये भरून ठेव, मी गेल्यावरही वाजलं पाहिजे. पहिल्या दोन अशा आहेत:

मागं गात व्हती मैना, मागंच राह्यली गं,
दार उघडलं म्या, तवा वाट सरली गं.

बाकीच्या दोन तुला वेगळ्या कागदावर लिहून पाठवते आहे, चालीच्या खुणांसह. तिनं मला रोज शिकवलं. तिची चाल मला कळते, कुठं वळते तेही कळते, पण गळ्यातून निघत नाही. 'सरली'वर माझा आवाज दर वेळी चिरतो. सॉफ्टवेअरनं सूर जागेवर बसतो, पण माय लगेच म्हणते, हे मशीन हाय, तू नाई. ती माझ्यापुढे बसून वाट बघते. पहिल्यांदाच ती माझ्या गाण्याची वाट बघते आहे. तिला नाही म्हणणं मला जमणार नाही.

तेव्हा तू हे गाऊन पाठव. गाईड म्हणून. या वेळी गाईड म्हणजे काय ते तुला माहीत आहे, तेव्हा फसवलं म्हणायला जागा नाही. तुला मायचं शेवटचं गाणं हवं असेल तर ते असंच मिळेल, दुसऱ्या वाटेनं मिळणार नाही. आणि तू पाठवशील. मी तुला ओळखते. रडशील, दोन दिवस जेवणार नाहीस, धम्मदीप नको म्हणेल, आणि मग खोलीत जाऊन गाशील, कारण ओळी मायच्या आहेत आणि तुझ्यावर आहेत.

डायनॅमिकवर गाऊ नकोस, चांगला कंडेन्सर मिळव. पंखा बंद ठेव. माईकपासून वीतभर लांब उभी राहा, आणि मधे कुठंही श्वास ऐकू येऊ देऊ नकोस.

वंदना